हिरव्या कार्डाची प्रतीक्षा आणि कामाचा परवाना

श्रोतेहो, नोकरीनिमित्त अमेरिकेंत गेलेला मुलगा किंवा मुलगी आज पुण्यामुंबईच्या पुष्कळ घरांत आहे. 'ग्रीन कार्ड अजून आलें नाहीं' हें वाक्य त्यांच्या आईबापांच्या कानांवर वर्षानुवर्षें पडत असतें. (हें कार्ड मध्यंतरीं पुष्कळ वर्षें हिरवें नव्हतें, नांव मात्र तेंच राहिलें.) परंतु कार्ड हातीं येईपर्यंत तीं मुलें तेथें कोणत्या आधारावर काम करतात, हें आपण सहसा विचारीत नाहीं. त्या आधाराचा इतिहास आज सांगावयाचा आहे.

१९१७ च्या कायद्यानें हिंदुस्थानासह आशियाच्या मोठ्या भागांतील लोकांस अमेरिकेंत स्थायिक होण्यास जवळजवळ मज्जावच केला. १९४६ सालीं तें दार किलकिलें झालें, तेंही वर्षाला शंभर माणसांपुरतें. १९६५ सालीं जन्मभूमीवरून माणसाची प्रत ठरविण्याची पद्धत गेली आणि आपले डॉक्टर व इंजिनिअर मोठ्या संख्येनें जाऊं लागले. आजच्या पेंचाचें मूळ मात्र यानंतरच्या दोन कायद्यांत आहे.

पहिला १९८६ चा. नवा नोकर ठेवतांना त्याचे कागद तपासण्याची जबाबदारी या कायद्यानें प्रत्येक मालकावर टाकली, आणि परवानगी नसलेल्यास जाणूनबुजून कामावर ठेवल्यास दंड लावला. दुसरा १९९० चा. त्यानें नोकरीच्या आधारें मिळणाऱ्या कायम वास्तव्याच्या परवान्यांची संख्या वर्षाला सुमारें १,४०,००० ठरविली. त्यांत बायकामुलेंही मोजलीं जातात. शिवाय कोणत्याही एका देशास शेंकडा सातांहून अधिक सामान्यतः मिळूं नयेत, असें बंधन घातलें. आइसलंडास सात आणि भारतासही सात! ही समता कागदावर मोठी साजरी दिसते. याच कायद्यानें 'एच-वन-बी' हा तात्पुरता परवाना सहा वर्षांपुरता आंखून दिला. म्हणजे काम सहा वर्षें, आणि रांग त्याहून कितीतरी लांब. सहावें वर्ष संपलें कीं रांगेंतल्या माणसासही नोकरी सोडून देशाबाहेर पडणें प्राप्त होई.

ही विसंगति २००० सालच्या ऑक्टोबरांत अध्यक्ष क्लिंटन यांच्या सहीनें झालेल्या कायद्यानें कांहींशी दूर केली. कायम परवान्याच्या कामास आरंभ होऊन एक वर्ष लोटलें असेल, तर एकेक वर्ष मुदतवाढ; मालकाचा अर्ज मंजूर होऊन गाडें केवळ देशाच्या वाट्यापाशीं अडलें असेल, तर तीन तीन वर्षें. 'तात्पुरता' हा शब्द तेवढा राहिला. मात्र ही मुदतवाढ मालकाच्या अर्जावरच मिळे. ज्याचा स्वतःचा अखेरचा अर्ज दाखल होऊन १८० दिवस गेले, त्यास त्याच प्रकारचें काम दुसरीकडे धरण्याची मोकळीक या कायद्यानें दिली. पण तो अर्ज दाखल करावयास आपली तारीख यावी लागते.

ती तारीख एकदां अकस्मात् आली. जुलै २००७ साठीं जवळजवळ सर्व वर्गांस अर्ज करण्याची मुभा जाहीर झाली. लोकांनीं धांवपळ करून वैद्यकीय तपासण्या उरकल्या, वकिलांची फी भरली. आणि २ जुलै रोजीं सरकारनें कळविलें कीं परवाने संपले, अर्ज घेतले जाणार नाहींत. तेव्हां तेथील भारतीयांनीं दगड उचलला नाहीं. आदल्याच वर्षीं मुंबईच्या 'लगे रहो मुन्नाभाई' या बोलपटानें गांधीगिरी हा शब्द रूढ केला होता. त्यांतली युक्ति उचलून त्यांनीं त्या खात्याच्या संचालकांकडे शेंकडों पुष्पगुच्छ पाठविले. संचालकांनीं तीं फुलें जखमी सैनिकांच्या रुग्णालयांत धाडलीं. १७ जुलैला निर्णय फिरला आणि १७ ऑगस्टपर्यंत अर्ज घेतले गेले. कार्ड कोणाच्या हातीं लगेच पडलें नाहीं, हें खरें. परंतु अर्ज दाखल झाल्यामुळें स्वतःच्या नांवाचा कामाचा परवाना मिळण्याचा मार्ग मोकळा झाला, आणि तो पति-पत्नी दोघांसही. ज्याच्या मालकाचे कागद त्या महिन्यांत तयार नव्हते तो मागें राहिला. शेजारीं बसून तेंच काम करणाऱ्या दोघांच्या आयुष्यांत केवढें अंतर पडलें असेल!

पुढें २०१५ सालीं, अशा रांगेंतल्या एच-वन-बी धारकांच्या पतिपत्नींस काम करण्याची परवानगी मागतां येऊं लागली. त्यापूर्वीं शिकलेल्या कित्येक स्त्रिया तेथें घरीं बसून होत्या. जानेवारी २०१७ पासून नोकरी गेल्यास दुसरी शोधण्यास साठ दिवसांपर्यंत अवधि मिळूं लागला. कामाच्या परवान्याचें नूतनीकरण वेळेवर न झाल्यास जुना आपोआप चालूं राहण्याची सोयही तेव्हांचीच. ती ३० ऑक्टोबर २०२५ पासूनच्या बहुतेक नव्या अर्जांस नाकारण्यांत आली. त्यानंतर अर्ज करणाऱ्यास मुदत संपण्यापूर्वीं नवें कार्ड न मिळालें, तर त्या कार्डावरचें काम थांबवावें लागतें. म्हणून जाणते लोक नवा परवाना हातीं आल्यावरही जुना एच-वन-बी मोडीत नाहींत. त्यावर त्यांची नोकरी चालूं राहते. केवळ जोडीदार म्हणून गेलेल्या पत्नीस मात्र तो दुसरा आधार नाहीं.