सरल, साल आणि अंजन

मोताळ्याच्या एका शिक्षकमित्राचे पत्र आले. गावाबाहेर त्यांनी घर बांधले आहे आणि घराभोवती दीड एकराचे मोकळे आवार आहे. आवारात फक्त देशी झाडे लावायची, असा त्यांचा निश्चय आहे. ते विचारतात, "चीड, म्हणजे हिमालयातला पाइन, हा अस्सल भारतीय वृक्ष. अनावृतबीजी वनस्पती शिकवताना आम्ही वर्षानुवर्षे वाळलेला शंकू दाखवतो, झाड मात्र कोणीच पाहिलेले नसते. मग घराच्या आवारात एक उंच पाइन का लावू नये? शाळेच्या कुंपणाशी आहेच की एक, चांगला वाढलाय."

कुंपणाशी असलेल्या झाडाचा निकाल आधी लावू, कारण तो पाच मिनिटांत लागतो. त्याची एक 'सुई' तोडून दोन्ही हातांनी ओढायला मुलांना सांगा. ती जागोजागी सांध्यातून सुटली आणि सांध्यावर भिंगातून बारीक दातेरी कडे दिसले, तर ते झाड सुरूचे. ती हिरवी सुई म्हणजे पान नव्हे, डहाळी. खरी पाने म्हणजे ते दाते. सुरूचा 'शंकू'ही शंकू नाही. तो फळांचा कठीण झालेला गुच्छ आहे. सुरू ही सपुष्प वनस्पती आहे, पाइनपेक्षा आंब्याला अधिक जवळची. चीडची सुई अखंड असते, वीतभर किंवा त्याहून लांब, आणि तीन-तीन सुया बुडाशी एका आवरणात बांधलेल्या असतात. आम्हाला खात्री आहे, कुंपणाशी सुरूच निघेल. तसे पाहिले तर मोताळ्याच्या वाट्याला आलेला 'पाइन' एकच, पायनघाटातला. आणि त्या जुन्या नावातला 'पायन' हा फारसी शब्द आहे, अर्थ 'खालचा'. बुलडाण्याचे लोक आजही घाटावर आणि घाटाखाली असेच म्हणतात.

आता मुख्य प्रश्न. चीड देशी आहे हे खरे, पण कोणत्या देशीचा?

या प्रश्नाचे एक जुने उत्तर विदर्भातूनच सुरू होते. मेघदूतातला यक्ष ज्या रामगिरीवर राहतो तो नागपूरजवळचा रामटेक, असे वा. वि. मिराशी यांनी साधार मांडले. तिथे यक्ष मेघाचे स्वागत करतो ते कुड्याच्या ताज्या फुलांनी. मेघ उत्तरेकडे निघतो तेव्हा वाटेत आंबे, जांभळी, केवडा, कदंब, उंबर ही आपली ओळखीची मंडळी भेटत जातात. 'सरल' वृक्ष येतो तो मेघ हिमालयाला पोहोचल्यावरच. संस्कृतातला सरल म्हणजे आपला चीड. त्याच्या खोडांच्या घर्षणाने वणवा पेटतो आणि चमरी गाईंच्या शेपट्या होरपळतात, असे कवी सांगतो. घर्षणाचे सोडून द्या, चीडच्या रानातले वणवे बहुतेक माणसाच्या हातून लागतात. पण वाळलेल्या सुयांचा जाड थर आणि राळेने भरलेले लाकूड यांमुळे ही राने भडकून पेटतात, हे निरीक्षण अचूक आहे. कुमारसंभवात हत्ती सरलाच्या खोडावर गंडस्थळे घासतात आणि झिरपणाऱ्या चिकाचा वास डोंगरमाथ्यावर दरवळतो. तोच चीक 'गंधाबिरोजा' म्हणून आपल्याकडे काष्ठौषधीच्या दुकानात मिळतो. रघुवंशात येणारा देवदार मात्र निराळा. कालिदास दोन झाडांना दोन नावे देतो. आपण पायनसच्या पुढे कंसात 'देवदार' लिहून मोकळे होतो!

कालिदासाच्या काळी विदर्भात सरल नव्हता, हे झाले दीड हजार वर्षांपूर्वीचे. त्याच्याही मागे गेले तर चित्र उलटते. नागपूरजवळ टाकळी येथे दख्खनच्या लाव्हाच्या थरांमध्ये अडकलेला तळ्याचा गाळ आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्याने तिथल्या जीवाश्मांकडे जगाचे लक्ष वेधले. १९३१ साली बिरबल साहनी यांनी त्यांपैकी सूचिपर्णी वृक्षांच्या शंकूंचे वर्णन प्रसिद्ध केले आणि एकाला गावाच्या नावावरून 'टाक्लिओस्ट्रोबस' असे नाव दिले. म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, आपला काळा खडक अजून तयार होत असताना, विदर्भात शंकू धरणारी झाडे उभी होती. ती आजची चीड नव्हेत. पुढे त्यांचा वंश इथून नाहीसा झाला आणि सपुष्प वृक्षांनी जागा घेतली. आज महाराष्ट्रात नैसर्गिकरीत्या वाढणारा एकही सूचिपर्णी वृक्ष नाही. साऱ्या दक्षिण भारतात मिळून एकच उरला आहे, नेजिया वालिचियाना, तोही निलगिरी आणि त्याच्या दक्षिणेकडच्या ओल्या जंगलांत. त्याची पाने सुईसारखी नसून रुंद असतात. पाइनचे कूळ उत्तर गोलार्धातले. आपल्या भूखंडाने आशियाला धडक देऊन हिमालय उभा केला, तेव्हा त्याच्या उतारांवर या कुळाला जागा मिळाली.

तरीही माणूस झाड उचलून कुठेही लावू शकतो. अडचण अशी, की पाइन एकटा प्रवास करत नाही. आल्बर्ट फ्रांक या जर्मन शास्त्रज्ञाने १८८५ साली दाखवले, की जंगलातल्या झाडांच्या बारीक मुळांवर बुरशीचे आवरण असते आणि ते रोग नसून भागीदारी असते. या जोडीला त्याने मायकोरायझा हे नाव दिले. बुरशी मातीतले स्फुरद आणि पाणी मुळाला पुरवते, मूळ तिला साखर देते. पाइनचे या भागीदारीवाचून चालत नाही. प्युर्टो रिको बेटावर पाइनची रोपे पुन्हा पुन्हा लावली गेली. ती पिवळी पडून खुरटत. १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या पाइनच्या रानातली माती आणून मुळाशी घातली, तेव्हा कुठे ती वाढीला लागली. आमच्या शिक्षकमित्राने रोपवाटिकेतून चीड आणला, तर कुंडीतल्या मातीबरोबर बुरशी आली आहे की नाही हे कोणीच सांगणार नाही. त्यात आपली काळी माती विम्लधर्मी, पावसाळ्यात पाणी धरून ठेवणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी. पाइनला निचऱ्याची, आम्लधर्मी जमीन मानवते. झाड मरेलच असे नाही, पण कसेबसे तग धरलेला चीड म्हणजे काही हिमालयातला चीड नव्हे.

एखाद्या आवारात एक झाड खुरटले, तर नुकसान फारसे नाही. पण हाच विचार हजारो हेक्टरांवर लादला जातो तेव्हा काय होते, हे आपल्या शेजारी घडलेले आहे. १९७० च्या दशकात बस्तरमध्ये (तेव्हा मध्य प्रदेश, आता छत्तीसगड) सालाची जंगले तोडून तिथे मध्य अमेरिकेतला कॅरिबियन पाइन लावण्याची योजना पुढे आली. लांब धाग्याचा कागदी लगदा हवा होता आणि पाइन भराभर वाढतो. जागतिक बँकेचे साहाय्य होते. सुमारे २०,००० हेक्टर सालवनाची जागा पाइन घेणार होता. कागदावर हिशेब बरोबर होता, कारण त्यात फक्त लाकूड मोजले होते. सालाच्या बियांचे तेल, डिंक, पत्रावळीची पाने, सालाखाली उगवणारी अळंबी आणि कंद, सावलीतले देव, हे कोणत्याच रकान्यात नव्हते. पाइनखाली यातले काहीच मिळणार नव्हते. आदिवासींनी विरोध केला, तो वाढत गेला आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला योजना गुंडाळावी लागली.

हा परदेशी पाइन होता म्हणून असे झाले, असे कोणी म्हणेल. तर कुमाऊंकडे पाहा. तिथे चीड अगदी घरचा. ब्रिटिश वनखात्याने राळ आणि रेल्वेचे स्लीपर यांसाठी चीडला उत्तेजन दिले आणि गावकऱ्यांचे चराईचे व सरपणाचे हक्क आवळले. १९२१ साली लोकांनी सरकारी जंगले पेटवली, तेव्हा जळाली ती मुख्यतः चीडची राने. चारा, सरपण आणि पालापाचोळ्याचे खत देणाऱ्या बांजाच्या जंगलांना लोकांनी फारसा हात लावला नाही. चीड आणि बांज दोन्ही तिथलेच, दोन्ही देशी. पण कोणते झाड आपले, हे गावकऱ्यांनी ठरवले होते.

मग मोताळ्याला उंच झाड कोणते? चीडच्या शास्त्रीय नावातच एक धागा सापडतो. 'पायनस रॉक्सबर्घी' हे नाव कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख विल्यम रॉक्सबर्ग यांच्यावरून पडले. याच रॉक्सबर्ग यांनी दख्खनच्या कोरड्या रानातल्या एका झाडाला हार्डविकिया बायनाटा असे नाव दिले. ते म्हणजे अंजन. खानदेशापासून वऱ्हाडापर्यंतच्या डोंगरांवर तो पूर्वापार आहे. पान जोडपाकळ्यांचे, आपट्याची आठवण देणारे. 'बायनाटा' म्हणजे जोडीचे. लाकूड इतके जड की पाण्यात बुडते. चांगल्या जागी तो २५ ते ३० मीटर उंच होतो. उन्हाळ्याच्या तोंडी फुटणारी कोवळी पाने तांबूस असतात, आणि पाला गुरे आवडीने खातात.

अंजनाची रीत चीडच्या उलट आहे. सुरुवातीची काही वर्षे तो वर काही दाखवतच नाही; सगळा जोर सोटमूळ खाली नेण्यावर असतो, खडकाच्या भेगांतूनसुद्धा. म्हणून वाढलेले रोप उपटून लावले तर बहुधा दगावते. उन्हाळ्यात पडणाऱ्या चपट्या, पंखासारख्या शेंगा गोळा करून पावसाच्या तोंडावर जागच्या जागी टोकाव्यात. दरवर्षी भरपूर बी धरत नाही, तेव्हा चांगले वर्ष आले की साधून घ्यावे. आणि खोल काळ्या मातीत अंजनही रमत नाही, त्याला मुरूम हवा. मित्राच्या आवाराचा वरचा, डोंगराकडचा कोपरा मुरमाड आहे असे त्यांनी कळवले आहे. खालच्या बाजूला काळी माती आहे, तिथे कडुनिंब लावावा, असे आम्ही त्यांना लिहिले. अंजन किती वर्षांत घराच्या वर जाईल, असा त्यांचा उलट टपाली प्रश्न आला आहे. पहिली चार-पाच वर्षे तो त्यांच्या गुडघ्याच्या वरही फारसा दिसणार नाही. चीडचा वाळलेला शंकू मात्र वर्गात ठेवावा, आणि त्याच्या शेजारी सुरूचा.