मांसाची अनुमती आणि बारदेशचा इतिहास

अन्नासाठी प्राण घ्यावा काय, हा प्रश्न आमच्या बारदेशात नीतीचा म्हणून क्वचितच विचारला गेला. तो धर्माच्या ओळखीचा प्रश्न होऊन बसला. डुकराचे मांस टाळणारा ख्रिस्ती मनुष्य इबेरियातील इन्क्विझिशनला संशयित वाटे. गोव्यात ते १५६० साली आले, आणि १७३६ च्या फर्मानाने मिठाविना भात शिजविण्याची जुनी रीतही नवख्रिस्त्यांना निषिद्ध केली. श्रद्धा ताटावरून तोलली जाऊ लागली.

शास्त्र निराळे सांगते. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात मनुष्याचा आहार धान्य व फळे एवढाच आहे. मांसाची मुभा जलप्रलयानंतर नोहाला मिळते, तीही अट घालून: रक्त म्हणजे प्राण, ते खाऊ नये. अनुवादात ते पाण्यासारखे भूमीवर ओतण्यास सांगितले आहे. घेतलेला प्राण आपला नव्हे, हे खाटकालाही विसरता येऊ नये. शिवाय शाकभाजी खाणाऱ्याला तुच्छ मानू नये, असे पौल रोमकरांस बजावतो. आम्ही मात्र अनुमतीची जणू आज्ञाच केली.

इन्क्विझिशन १८१२ साली कायमचे बंद झाले, सवय राहिली. डिचोलीतील शिरगावच्या लईराईचे धोंड जत्रेपूर्वी मांसमच्छी वर्ज्य करतात. म्हापशाच्या मिलाग्र सायबिणीला लोक तिची बहीण मानतात, व फेस्ताला हिंदू भाविक तेल आणतात. त्या धोंडांच्या व्रताला ‘अंधश्रद्धा’ म्हणून धर्मशिक्षणाच्या वर्गात मीही एकदा हिणविले आहे, आणि तेही उपवासकाळातील शुक्रवारी, मांस वर्ज्य असताना.