बुधवारची क्रमवारी

आमचे दिलसुखनगर आज मेट्रोच्या खांबांमागे आणि शिकवणीवर्गांच्या फलकांमागे दडून गेले आहे. साठ वर्षांपूर्वी मात्र, हैदराबादेत काय किंवा बेळगावात काय, बुधवारी रात्री आठ वाजता नभोवाणीयंत्राचा काटा सिलोनवर येऊन थांबे. अमेरिकेत ‘बिलबोर्ड’ हे नियतकालिक लोकप्रिय गीतांच्या याद्या १९४० पासून छापीत होते. आपल्याकडे ते कार्य ‘बिनाका गीतमाले’ने केले, तिचा आरंभ ३ डिसेंबर १९५२ चा.

श्रोत्यांना सिलोनची वाट दाखविली ती एका मराठी मंत्र्याने, हे सांगितलेच पाहिजे. १९५२ मध्ये नभोवाणी खाते बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांच्याकडे आले. शास्त्रीय संगीताला त्यांनी दिलेला आश्रय मोलाचा होता. परंतु चित्रपटगीते आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाली, आणि श्रोताही त्यांच्यामागून समुद्रापार गेला. १९५७ मध्ये ‘विविध भारती’ निघाली तोवर सवय जडून गेली होती. गंमत अशी, की १९५३ च्या वार्षिक यादीत अग्रस्थानी आलेले ‘अनारकली’तील गीत पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांचे!

प्रारंभी सात गीते ऐकवून त्यांचा क्रम श्रोत्यांनाच लावावयास सांगत. पहिल्याच खेपेस नऊ हजार पत्रे आली. वर्षभरात आठवड्याची पत्रे पासष्ट हजारांवर गेली. ती उघडणार कोण? पुढे तबकड्यांचा खप आणि श्रोतृसंघांची मते यांवरून क्रम ठरू लागला. अमीन सयानींच्या मधाळ निवेदनात हा हिशेब कोणाला जाणवतही नसे.

१९६७ ते १९७० या चारही वर्षी अग्रस्थान लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्याकडे राहिले: ‘मिलन’, ‘शागिर्द’, ‘इंतकाम’, ‘दो रास्ते’. चारही गीतांत स्वर लता मंगेशकरांचा. लक्ष्मीकांतांचे आडनाव कुडाळकर, लताबाईंचे मंगेशीवरून आलेले; म्हणजे हा मान निम्मा कोकण-गोव्याचाच, असे आम्ही म्हटले तर वाचक रागावणार नाहीत. १९६९ मध्ये अमेरिकेच्या वार्षिक यादीत पहिले आलेले गीत ‘आर्चीज’ या व्यंगचित्रांतील मुलांच्या तोंडी होते, गाणारे पडद्याआड. पार्श्वगायनाला सरावलेल्या आपल्या श्रोत्यांना त्याचे नवल ते काय वाटावे?

क्रमवारीत गायक, संगीतकार आणि चित्रपट यांची नावे येत. वाद्यमेळाची स्वरलिपी लिहिणारे गोमंतकीय तिच्याबाहेरच राहिले, आणि आमच्या मते ही उणीव लहान नव्हे. शंकर-जयकिशन यांच्या गीतांतील भरदार व्हायोलिने सेबॅस्टियन डिसूझांनी बांधली, हे किती श्रोत्यांना ठाऊक होते? प्यारेलालांचे व्हायोलिनगुरू अँथनी गोन्साल्विस हे माजोर्ड्याचे. भारतीय रागांना पाश्चात्त्य वाद्यवृंदात बसविण्याचा प्रयोग त्यांनी १९५८ मध्ये मुंबईत केला, आणि १९६५ मध्ये ते अमेरिकेतील सिराक्यूज विद्यापीठात गेले. १९७७ मध्ये ‘अमर अकबर अँथनी’तील एका गीतात शिष्याने त्यांचे नाव घातले आणि ते देशभर दुमदुमले. गोन्साल्विस परतून माजोर्ड्यालाच राहिले. २०१२ मध्ये ते निवर्तले.