पॅरिसच्या हमालांचं सूप

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या नगरच्या इतिहासात फ्रेंच माणूस येतो तो हरायला. ८ ऑगस्ट १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या फौजेनं नगरच्या पेठेच्या तटाला शिड्या लावल्या. आत दौलतराव शिंद्यांची शिबंदी होती. त्यात अरब होते आणि फ्रेंच अधिकाऱ्यांच्या हाताखालचं कवायती पायदळही होतं. पेठ त्याच दिवशी पडली. चार दिवसांनी, १२ ऑगस्टला, भुईकोट किल्लाही गेला. इंग्रजांच्या छावणीत असलेल्या गोखले सरदारांनी तेव्हा पुण्याला पत्र लिहिल्याचं सांगतात. त्याचा मतलब असा की, ही माणसं अजब आहेत. सकाळी आली, तट पाहिला, चढून गेली, आतले लोक मारले आणि न्याहारीला परत फिरली.

मी इतिहासकार नव्हे. बी. ए. झालेला, मराठीत कविता लिहिणारा केडगावचा माणूस आहे. त्यामुळे माझं लक्ष लढाईपेक्षा त्या न्याहारीवर जास्त जातं. कारण गंमत अशी, की लढाई फ्रेंच हरले, पण जिंकणाऱ्याच्या टेबलावर शब्द त्यांचेच मांडलेले होते. ऑम्लेट फ्रेंच, कटलेट फ्रेंच, सूप आणि सॉस फ्रेंच. मेनू फ्रेंच, हॉटेल फ्रेंच, रेस्टॉरंट तर अस्सल फ्रेंच. हिंदुस्थानातल्या साहेबाच्या घरी मेजवानीचं पत्रकसुद्धा पुढं कित्येक वर्षं फ्रेंचमध्ये लिहिलं जाई. मद्रासच्या लष्करातले केनी-हर्बर्ट यांनी १८७८ साली इथल्या गोऱ्या गृहिणींसाठी पाकशास्त्राचं पुस्तक काढलं, त्यातही धडे फ्रेंच पद्धतीचेच होते. तिथून हे शब्द घरंगळत घरंगळत पुणे रस्त्यावरच्या आमच्या हॉटेलांच्या पाट्यांवर आले. 'कटलेट गरम मिळेल' असं लिहिणाऱ्या पेंटरला आपण फ्रेंच लिहितोय याची कल्पनाही नसते.

मराठी स्वयंपाकघराला परक्या चुलीचं वावडं होतं, असंही नाही. तंजावरचे सरफोजीराजे दुसरे यांनी १७९८ ते १८३२ राज्य केलं. त्यांच्या मुदपाकखान्यातल्या कृती 'सरभेंद्र पाकशास्त्र' या नावानं मराठीत नोंदवलेल्या आहेत. त्यात ब्राह्मणी पदार्थ आहेत, मराठ्यांचे सामिष पदार्थ आहेत आणि इंग्रजी पाकशाळाही आहे. तंजावरपासून फ्रेंचांचं कारैकल फार लांब नाही. आपल्या राजाच्या कारकुनांना परक्या देशाचं जेवण मराठीत उतरवून घ्यावंसं वाटलं, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. कोणतं अन्न कुणाचं, असे वाद घालणाऱ्यांनी ती पोथी एकदा तरी पाहावी.

मग फ्रेंच जेवण म्हटलं की आपण बिचकतो का? कारण ते आपल्याकडे आलं दोन मोठ्या दारांनी. एक राजवाड्याचं आणि दुसरं पंचतारांकित हॉटेलाचं. ऑगस्त एस्कोफिए या थोर आचाऱ्याचा फ्रेंच पाकशास्त्रावरचा ग्रंथ १९०३ साली निघाला, आणि त्याच वर्षी डिसेंबरात मुंबईत ताजमहाल हॉटेल उघडलं. पांढरे टेबलक्लॉथ, पाच प्रकारचे काटेचमचे, न उच्चारता येणारी नावं. हे फ्रान्सचं बाहेरचं दालन झालं. मला सांगायचं आहे ते फ्रान्सच्या स्वयंपाकघराबद्दल, आणि तिथं हमाल, कोळसेवाले, खाटीक भेटतात.

रेस्टॉरंट हा शब्दच घ्या. अठराव्या शतकातल्या पॅरिसमध्ये रेस्टॉरंट ही जागा नव्हती, तो पदार्थ होता. अशक्त माणसाला पुन्हा उभं करणारा, मांस आणि हाडं तासन्‌तास उकळून काढलेला अर्क. १७६० नंतरच्या काळात असा अर्क विकणारी दुकानं निघाली आणि पदार्थाचं नाव दुकानाला चिकटलं. ही हकीकत मी वाचली तेव्हा मला आमची अम्मी आठवली. घरात कुणी तापातून उठलं, कुणी बाळंत झालं, की ती बोकडाच्या हाडांची यखनी चढवायची. मंद आचेवर, झाकण किंचित उघडं ठेवून, वर आलेला फेस पळीनं काढत. म्हणजे अक्षरशः पाहिलं तर आमच्या घरात रेस्टॉरंट कितीतरी वर्षं चालू होतं.

१८५०च्या दशकात द्युव्हाल नावाच्या पॅरिसच्या एका खाटकानं हाच धंदा गरिबांसाठी केला. चांगलं मांस श्रीमंत गिऱ्हाइकं न्यायची. उरलेले तुकडे आणि हाडं उकळून तो बाजारात राबणाऱ्यांना स्वस्तात रस्सा पाजू लागला. अशा भोजनगृहांना 'बुइयाँ' म्हणजे रस्साच म्हणत, आणि तशी काही पॅरिसमध्ये अजून चालतात. बिस्त्रोही असाच खालून आला. रशियन सैनिक पॅरिसमध्ये 'बिस्त्रो, बिस्त्रो' म्हणजे 'लवकर, लवकर' ओरडायचे म्हणून हे नाव पडलं, ही गोष्ट लोक चवीनं सांगतात. पण रशियन फौज आली १८१४ साली आणि हा शब्द छापील फ्रेंचमध्ये दिसतो १८८०च्या दशकात, तेव्हा ती दंतकथाच म्हणायची. खरं आहे ते असं, की ओव्हेर्न्यच्या डोंगरी मुलखातून पोटासाठी पॅरिसला आलेली कुटुंबं कोळसा विकत, त्याच दुकानात दारूचा पेला देत आणि घरात शिजलेलं गिऱ्हाइकालाही वाढत. नवरा गल्ल्यावर आणि बायको चुलीपाशी. फळ्यावर खडूनं लिहिलेले दोन-तीन पदार्थ. आपण याला खानावळ म्हणतो.

या बिस्त्रोंचं सगळ्यांत गाजलेलं अन्न म्हणजे कांद्याचं सूप. पॅरिसच्या पोटात 'ले आल' नावाचा प्रचंड घाऊक बाजार होता. कादंबरीकार एमिल झोलानं १८७३ साली त्यावर आख्खी कादंबरी लिहिली. तिथं रात्रभर गाड्या खाली होत, पहाटे सौदे होत. तिथल्या हमालांना 'फोर' म्हणत. फोर म्हणजे बलवान. किल्ल्याला इंग्रजीत फोर्ट म्हणतात तो याच शब्दाचा भाऊ. थंडीत पोती वाहून हे बलवान लोक दमले, की शेजारच्या बिस्त्रोत शिरत आणि वाडगाभर कांद्याचं सूप घेत. वर शिळ्या पावाचा तुकडा आणि त्यावर वितळलेलं चीज. उशिरा नाटक पाहून परतणारे बडे लोकही त्याच बाकावर येऊन बसत. तो बाजार १९६९ साली शहराबाहेर रंजिसला हलवला. सूप मात्र जगभर पोचलं.

आता केडगावला या. आमच्या शेजारी नेप्तीला कांद्याचा बाजार भरतो. लिलावाच्या दिवशी ट्रॅक्टरांची, टेम्पोंची रांग लागते आणि वारा फिरला की वास घरात येतो. पॅरिसचं ते सूप आपल्याला परकं कसं, हा प्रश्न मला या वासानंच घातला. कांदा आपला, हाडाची यखनी आपली, शिळा पाव कोपऱ्यावरच्या बेकरीत. राहता राहिलं चीज, तर अमूलचं चौकोनी पाकीट केडगावच्या किराणा दुकानात मिळतं.

पाच-सहा वर्षं झाली, हिवाळ्यात हे सूप आमच्या घरी होतं. चौघांसाठी पाऊण किलो उन्हाळी गावरान कांदा उभा, पातळ चिरायचा. जाड बुडाच्या पातेल्यात दोन चमचे लोणी, त्यात कांदा, चिमूटभर मीठ. आणि मग धीर धरायचा. बिर्याणीचा बिरिस्ता करताना आम्ही भरपूर तेलात कांदा तळून कुरकुरीत करतो. इथं उलटं. आच अगदी मंद, आणि पाऊण तास मधून मधून हलवत राहायचं. आधी कांदा पाणी सोडतो, मग पारदर्शक होतो, मग हळूहळू तांबूस होत गुळासारखा चिकट होतो. साखर घालावी लागत नाही; कांद्यात असतेच, ती बाहेर यायला वेळ लागतो. मग चमचाभर मैदा परतायचा आणि गाळलेली यखनी ओतून वीस मिनिटं उकळायचं. फ्रेंच माणूस यात वाइन घालतो. आमच्या घरात ती येत नाही. व्हिनेगरच्या चार-सहा थेंबांवर आमचं भागतं. शेवटी पावाच्या चकत्या तव्यावर कडक करून त्यांवर चीज किसायचं, झाकण ठेवून वितळवायचं आणि त्या सुपावर सोडायच्या. भट्टी नसली तरी अडत नाही. मीठ सर्वांत शेवटी चाखून घालावं, यखनी आटत जाते तसा तिचा खारटपणा वाढतो. बेगम म्हणतात, हा तर कांद्याचा शोरबाच आहे, नाव तेवढं लांबचं. बरोबरच आहे त्यांचं.

पुण्या-मुंबईला कवितेच्या कार्यक्रमांना जातो तेव्हा एखाद्या बिस्त्रोत डोकावतो. आपल्याकडची मुलं-मुली पॅरिसला जाऊन हे शिकून येतात, इथं दुकान थाटतात. लहानशी जागा, फळ्यावर खडूनं लिहिलेले पदार्थ, ताज्या लोण्याचा वास. मला ते आवडतं. मी तिथं चवीनं जेवतो. पण २०२३च्या फेब्रुवारीत मी अशाच एका ठिकाणी कांद्याचं सूप मागवलं होतं. त्याच दिवसांत कांद्याचे भाव असे कोसळले होते, की शेतकऱ्याला गाडीभाडं निघत नव्हतं. सरकारला पुढं क्विंटलमागे ३५० रुपयांचं अनुदान द्यावं लागलं. त्याच वर्षी डिसेंबरात निर्यातबंदी आली, ती उठायला २०२४चा मे उजाडला. माझ्यासमोरच्या एका वाडग्याच्या पैशात तेव्हा नेप्तीला कांद्याची गोणी आली असती. सूप चांगलं होतं. घास मात्र जड गेला.

त्या हॉटेलवाल्याचा यात काही दोष नाही. भाडं, वीज, पगार त्यालाही द्यायचे असतात. प्रश्न आपला आहे. फ्रेंचांनी हमालाच्या वाडग्याला नाव दिलं, ते लिहून ठेवलं, अभिमानानं पाहुण्यापुढं ठेवलं. २०१० साली फ्रेंच लोकांच्या भोजनपरंपरेची युनेस्कोनं अमूर्त सांस्कृतिक वारसा म्हणून नोंद घेतली, २०२२ साली त्यांच्या लांबुळक्या पावाच्या कसबाचीही घेतली. आपल्याकडे बाजारात राबणाऱ्याचं जेवण म्हणजे भाकरी, बुक्कीनं फोडलेला कांदा आणि ठेचा. त्याला आपण गरिबी म्हणतो, पाककला म्हणत नाही.

आपल्याकडे असे प्रयत्न झालेच नाहीत असं मात्र नाही. डॉ. बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीनं १९७४ साली पुण्यात 'कष्टाची भाकर' सुरू केली. हमालांसाठी, हमालांच्या संघटनेनं चालवलेलं स्वस्त आणि स्वच्छ जेवण. दुसऱ्याच वर्षी मुंबईत प्रेमा पुरव यांनी गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. द्युव्हालचं भोजनगृह आणि आपली 'कष्टाची भाकर' या सख्ख्या बहिणी आहेत. एकीवर जगानं पुस्तकं लिहिली, दुसरीचं नाव पुण्याबाहेर किती जणांना ठाऊक आहे?

म्हणून माझं एवढंच सांगणं आहे. हिवाळ्यात एकदा हे सूप घरी करून पाहा. कांदा शेतकऱ्याकडून घ्या, भाव करू नका. पोरांना वाढताना सांगा, की हे राजाचं जेवण नाही, पहाटे पोती वाहणाऱ्यांचं आहे. आणि नेप्तीच्या बाजारात पहाटे हमालांना कोण काय रांधून देतं, हेही कधीतरी तिथं जाऊन विचारा. जमलं तर लिहून घ्या. तंजावरच्या कारकुनांनी दोनशे वर्षांपूर्वी परक्याची पाकशाळा लिहून घेतली. आपल्या बाजारातली लिहून घ्यायला आपल्याला हरकत नसावी.