जॅक आणि टेकू

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस माझ्या पुतण्याने एक जुनी, दोन आसनी, बुटकी स्पोर्ट्‌स कार घेतली. कोथरूडमधल्या त्याच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये ती दोन उंच गाड्यांच्या मधोमध मांजरासारखी दबा धरून बसलेली असते. ऑइल आणि ब्रेक पॅड बदलणे अशी कामे स्वतः करायची, असा त्याचा हट्ट. त्यासाठी गाडी उचलायला हवी. नेहमीचा ट्रॉली जॅक आणला, तर तो बंपरखालीच शिरेना. ‘‘काका, कोणता जॅक घेऊ?’’ एवढाच त्याचा प्रश्न होता. मी पेशाने इंजिनिअर, आणि निवृत्तीनंतर यंत्रांच्या इतिहासाचा नाद लागलेला. त्यामुळे उत्तर शोधता शोधता सतराव्या शतकापर्यंत मागे गेलो.

आधी शब्दाकडे पाहू. ‘जॅक’ हे इंग्रजीत जॉन या नावाचे घरगुती रूप. कोणत्याही पडेल ते काम करणाऱ्या पोऱ्याला तिथे ‘जॅक’ म्हणत. पुढे पोऱ्याचे काम करणाऱ्या साधनांनाही तेच नाव मिळाले : मांसाची सळई आचेवर फिरवणारे यंत्र, पायातला बूट ओढून काढणारी लाकडी खाच, आणि अखेरीस ओझे उचलणारे हे साधन. आपण शब्द जसाच्या तसा घेतला आणि त्याला वशिल्याचा नवा अर्थही दिला. ‘त्याचा वर जॅक आहे’ म्हटले, की काय उचलले गेले ते वेगळे सांगावे लागत नाही.

जॅकला मराठीत स्वतःचा शब्द रुजला नाही, पण दुसरा एक शब्द आपल्याकडे पूर्वीपासून आहे : टेकू. बैलगाडीच्या आसाला वंगण घालायचे, तर दोघे जण लांब दांड्याची तरफ करून गाडीची एक बाजू उचलत आणि तिसरा खाली लाकडी टेकू सरकवी. मग दांडा बाजूला. उचलणारे वेगळे, धरून ठेवणारे वेगळे. या साध्या विभागणीत माझ्या पुतण्याच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर होते, हे मला नंतर कळले.

तरफेच्या पुढची पायरी स्क्रूची. आट्यांचा दांडा फिरवत राहिले की ओझे हळूहळू वर जाते, आणि हात सोडला तरी सहसा खाली येत नाही. आजही बहुतेक गाड्यांच्या डिकीत मिळतो तो कात्रीसारखा जॅक स्क्रूवरच चालतो. रस्त्यात पंक्चर झाले, तर चाक बदलण्यापुरता तो ठीक. त्याचा पाया अरुंद, उचलणे वेळखाऊ.

द्रवाची ताकद ओळखली ती ब्लेझ पास्कलने. बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोचतो, हा त्याचा नियम सांगणारा ग्रंथ १६६३ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर वर्षभराने छापला गेला. लहान दट्ट्यावर थोडे बल लावले, तर मोठ्या दट्ट्यावर क्षेत्रफळाच्या प्रमाणात जास्त बल मिळते. मात्र हे कागदावरून लोखंडात उतरायला सव्वाशेहून अधिक वर्षे गेली. जोसेफ ब्रामा या इंग्रज कारागिराने हायड्रॉलिक प्रेसचे पेटंट घेतले ते १७९५ मध्ये. खरी अडचण गळतीची होती. दट्ट्याभोवती चामड्याची अशी कडी बसवायची, की दाब वाढेल तशी ती स्वतःच घट्ट होईल, ही युक्ती त्याच्या कारखान्यातल्या हेन्री मॉड्‌स्ले याची, असे सहसा मानले जाते. आजच्या जॅकमधले रबरी सील त्याच कडीचे वंशज. जॅक म्हातारा होतो तोही तिथेच.

१८५१ मध्ये न्यू यॉर्कमध्ये राहणाऱ्या रिचर्ड डजन या मूळच्या स्कॉटिश माणसाने हातात नेता येईल अशा हायड्रॉलिक प्रेसचे पेटंट घेतले. आपल्या जॅकचा हा थेट पूर्वज. याच डजनने पुढे वाफेवर चालणारी रस्त्यावरची गाडीही बांधली. म्हणजे मोटार उचलणारे यंत्र आणि मोटारीची एक आजी, दोन्ही एकाच माणसाच्या हातची.

पण या इतिहासातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा प्रसंग त्याआधी दोन वर्षे घडला. वेल्समध्ये मेनाय सामुद्रधुनीवर रॉबर्ट स्टीफन्सन ब्रिटानिया हा रेल्वेपूल बांधत होता. दीड हजार टनांहून जड अशा लोखंडी नळ्या हायड्रॉलिक प्रेसने वर चढवायच्या होत्या. प्रेस उत्तम होते, घाईही होती. तरीही स्टीफन्सनची सक्त सूचना होती : नळी जितकी वर जाईल, तितके खाली लगेच भरत चला, मोकळी पोकळी ठेवू नका. ऑगस्ट १८४९ मध्ये एका प्रेसच्या सिलिंडरचा तळच फुटला. नळी कोसळली, पण काही इंचच, कारण खाली आधार होता. पूल वाचला तो टेकूमुळे.

हे वाचताना मला १९७८ मधले आमच्या वाड्याचे अंगण आठवले. मामा फियाटखाली झोपून सायलेन्सरचा पट्टा आवळत होते. गाडी बाटलीच्या आकाराच्या जॅकवर, जॅक मातीवर, खाली दुसरे काहीही नाही. आजीने चहाला हाक मारली, मामा कुरकुरत बाहेर आले. आम्ही बशीत चहा ओतत असतानाच गाडी आवाज न करता खाली बसली. सीलमधून तेल झिरपत होते. जॅकभोवती हातभर ओला डाग पडला होता. मामा बराच वेळ त्या डागाकडे पाहत राहिले. चहा तसाच निवला.

आता बुटक्या गाडीकडे. उंची कमी केली की हवेचा रोध घटतो आणि वळणावर गाडी स्थिर राहते. फोर्डच्या जीटी४० मधला ४० हा आकडा तिच्या जमिनीपासून छतापर्यंतच्या इंचांचा. ल मांच्या चोवीस तासांच्या शर्यतीत ती पहिल्यांदा जिंकली १९६६ मध्ये. त्याच वर्षी आपल्याकडे ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन स्थापन झाली. कोथरूडला लागून वेताळ टेकडीवर असलेली ही ‘एआरएआय’ पुणेकरांना फिरण्याच्या वाटेमुळे जास्त माहीत. आपल्या रस्त्यांना मात्र बुटकी गाडी परकीच. इंडियन रोड्‌स काँग्रेसच्या नियमातला गतिरोधकच १० सेंटिमीटर उंच; नियमाबाहेरचे तर विचारूच नका. पुतण्याच्या गाडीचे पोट जमिनीपासून जेमतेम १२ सेंटिमीटरवर आहे.

म्हणून निवडीचा पहिला आकडा टनांचा नव्हे, उंचीचा. जॅक पूर्ण खाली असताना त्याची वाटी जमिनीपासून किती उंच? ती ८ ते ९ सेंटिमीटर असावी. दुसरा आकडा लांबीचा. पुढून घालायचा, तर बंपरपासून गाडीच्या भक्कम आडव्या तुळईपर्यंत वाटी पोचली पाहिजे आणि तरी दांडा हलायला जागा उरली पाहिजे. वजनाचा प्रश्न तिसरा. १४०० किलोच्या गाडीचे एक टोक उचलताना साधारण निम्मा भार येतो. दोन-अडीच टनांचा जॅक पुरे.

त्याची ताकद कुठून येते, याचा एक नमुना हिशेब. दांड्यावर २० किलोचा जोर दिला, दांड्याने तो २० पट केला, दट्ट्यांच्या क्षेत्रफळांनी १६ पट : झाले ६४०० किलो. पण ट्रॉली जॅकचा दट्ट्या आडवा असतो आणि तो लांब हाताचे आखूड टोक ढकलतो. तिथे सहाला एक प्रमाण धरले, तर वाटीवर उरतात हजारभर किलो. कमी केलेल्या उंचीची किंमत अशी ताकदीत मोजावी लागते.

त्या हाताची वाटी सरळ वर जात नाही, कमानीत जाते. म्हणून जॅकला चाके असतात. उचलताना तो गाडीखाली किंचित सरकायलाच हवा. सोसायटीतल्या पेव्हर ब्लॉकच्या फटीत चाक अडकले, की जॅकऐवजी गाडी ओढली जाते किंवा वाटी निसटते. गुळगुळीत, सपाट काँक्रीट शोधणे हा जॅकच्या निवडीचाच भाग आहे.

हे सगळे मी पुतण्याला एका कागदावर लिहून दिले. वर पहिल्या ओळीत मात्र जॅक नव्हता. ‘गॅरेजवाले ज्याला नुसते स्टँड म्हणतात, ते दोन घे. मागच्या चाकांना ठोकळे लाव. गाडी स्टँडवर बसल्याशिवाय खाली जाऊ नकोस. विटांवर कधीही नको. वीट सांगून फुटत नाही.’

त्याने आधी स्टँड आणले, आठवड्याने जॅक. पहिल्या रविवारी मी खुर्ची टाकून बसलो होतो. गाडी वर गेली, स्टँडवर टेकली. त्याने तिला दोन्ही हातांनी हलवून पाहिले, एकदा माझ्याकडे बघितले, आणि मगच तो पाठीवर झोपून आत सरकला. थोड्या वेळाने वरून चहाची हाक आली. ‘‘येतो, पाच मिनिटांत,’’ तो खालूनच म्हणाला. मी त्याला घाई केली नाही.