जुन्या मोटारींचे ड्रम ब्रेक : दुरुस्तीनंतरचे दोष आणि त्यांची कारणे

नवे लायनर बसवले, ड्रम लेथवर साफ करून घेतले, ब्रेक ऑइलही बदलले; तरीही पेडल खोल जाते, किंवा ब्रेक दाबताच गाडी एका बाजूला ओढली जाते. जुन्या मोटारी जतन करणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार आहे. अशा वेळी आणखी सुटे भाग बदलण्यापूर्वी दोषाचे लक्षण नीट समजून घेणे आवश्यक ठरते. ड्रम ब्रेकचा प्रत्येक दोष पेडल, चाक किंवा आवाज यांद्वारे आपली खूण देत असतो.

भारतीय रस्त्यांवर दीर्घकाळ वर्चस्व गाजवणाऱ्या ॲम्बेसेडर आणि प्रीमियर पद्मिनी या दोन्ही मोटारींच्या जुन्या आवृत्त्यांना चारही चाकांवर ड्रम ब्रेक होते. पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथील कारखान्यात ॲम्बेसेडरचे उत्पादन मे २०१४ मध्ये थांबले. मुंबईतील कुर्ला येथे तयार होणाऱ्या पद्मिनीचे उत्पादन त्यापूर्वीच बंद झाले होते, तर मुंबईच्या टॅक्सीसेवेतून ही गाडी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. तथापि, हौशी मालकांकडे या गाड्या आजही आहेत. पन्नास वर्षांहून जुन्या मोटारींना ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी देणारे नियम केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये लागू केले.

एकेरी यंत्रणेचा धोका

या काळातील बहुसंख्य मोटारींत मास्टर सिलिंडर एकेरी असतो. पेडल दाबताच त्यातील ब्रेक ऑइल एकाच मार्गाने चारही चाकांच्या व्हील सिलिंडरकडे ढकलले जाते. परिणामी एका चाकाचा रबरी कप फाटला किंवा एक नळी फुटली, तरी चारही चाकांचे ब्रेक एकाच वेळी निकामी होतात. पुढील आणि मागील चाकांसाठी ऑइलचे मार्ग वेगळे ठेवणारी दुहेरी यंत्रणा अमेरिकेत १९६८ पासून सक्तीची झाली. जुन्या गाडीत मात्र ही सोय नसल्याने हँडब्रेक हाच शेवटचा आधार उरतो. म्हणूनच पेडलमधील किरकोळ वाटणाऱ्या बदलाकडेही दुर्लक्ष करणे योग्य नाही.

पेडल काय सांगते

पेडल खोल जाते, पण दोन-तीनदा दाबल्यावर वर येऊन घट्ट होते, तेव्हा बहुधा शू आणि ड्रम यांतील अंतर वाढलेले असते. जुन्या ड्रम ब्रेकमध्ये हे अंतर आपोआप कमी होत नाही. ते ॲडजस्टरने हाती कमी करावे लागते. चाक पूर्ण अडेपर्यंत ॲडजस्टर फिरवावा, पेडल जोरात दाबून शू मध्यावर येऊ द्यावेत आणि नंतर चाक मोकळे फिरेल इतकाच तो मागे घ्यावा. काही गाड्यांत पुढील प्रत्येक चाकाला दोन ॲडजस्टर असतात. त्यांपैकी एकच फिरवला गेल्यास दोष कायम राहतो.

पेडल स्पंजसारखे लागते, तेव्हा नळ्यांत हवा शिरल्याची शक्यता सर्वाधिक असते. मात्र वारंवार हवा काढूनही फरक पडत नसेल, तर नव्या लायनरची गोलाई तपासावी. ड्रम लेथवर घासल्याने त्याचा व्यास वाढतो आणि नवा शू ड्रमला केवळ मध्यभागी टेकतो. पेडल दाबल्यावर शू वाकतो आणि तोच लवचीकपणा पायाला जाणवतो. शूवर खडूचा थर देऊन ड्रम बसवून फिरवल्यास तो नेमका कोठे टेकतो ते दिसून येते.

पेडल दाबून धरले असता हळूहळू खाली जात असेल, तर प्रथम चारही चाकांच्या आतील बाजूस आणि नळ्यांच्या सांध्यांवर गळती शोधावी. बाहेर कोठेही ओल नसल्यास मास्टर सिलिंडरमधील रबरी कप झिजल्याचे समजावे. अशी गाडी दुरुस्तीपूर्वी रस्त्यावर नेऊ नये.

गाडी एका बाजूला ओढणे

गाडी डावीकडे ओढली गेली की अनेकदा डावे चाक उघडले जाते. वस्तुतः गाडी ज्या बाजूला ओढली जाते, त्या बाजूचा ब्रेक बहुधा ठीक असतो. दुर्बळ झालेला ब्रेक विरुद्ध बाजूचा असतो. तेथे व्हील सिलिंडरचा पिस्टन गंजून अडकलेला असतो, रबरी होज आतून बंद झालेला असतो किंवा लायनरवर ग्रीस अथवा ब्रेक ऑइल उतरलेले असते. ऑइल मुरलेला लायनर पेट्रोलने धुऊन पुन्हा वापरणे धोकादायक असून तो बदलावाच लागतो. लायनर नेहमी एका ॲक्सलच्या दोन्ही चाकांचे आणि एकाच प्रतीचे बसवावेत. दोन्ही ड्रमचा व्यासही समान असावा. तपासणीची सुरुवात टायरमधील हवेच्या दाबापासून करणे श्रेयस्कर ठरते.

ब्रेक अडकून राहणे

काही किलोमीटर गेल्यावर एखादे चाक तापत असेल, तर ब्रेक पूर्ण सुटत नसल्याचे स्पष्ट होते. येथे क्रमवार तपासणी उपयुक्त ठरते. गाडी सुरक्षितपणे उचलून अडकलेल्या चाकाचे निपल किंचित सैल करावे. ऑइल दाबाने बाहेर येऊन चाक सुटले, तर दाब नळीत अडकला आहे. चाक तरीही अडलेलेच राहिले, तर दोष यांत्रिक आहे. अशा वेळी मागे ओढणाऱ्या स्प्रिंग, गंजलेला पिस्टन किंवा अधिक ताणलेली हँडब्रेकची केबल तपासावी.

दाब अडकला असल्यास पुढची पायरी मास्टर सिलिंडरजवळील नळी सैल करून पाहण्याची. तेथे दाब सुटला, तर पेडलला मोकळी चाल उरलेली नाही किंवा ऑइल टाकीत परत नेणारे सूक्ष्म छिद्र बुजले आहे. तेथे दाब सुटत नसेल आणि केवळ चाकाच्या निपलपाशी सुटत असेल, तर रबरी होज आतून सुजलेला आहे. असा होज ऑइल जाऊ देतो, परंतु परत येऊ देत नाही. बाहेरून तो नव्यासारखाच दिसतो, म्हणून हा दोष दीर्घकाळ सापडत नाही.

हँडब्रेकबाबतही क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम केबल सैल करून शूचे अंतर जुळवावे आणि त्यानंतरच केबल ताणावी. शूची झीज केबल ताणून झाकल्यास पेडल खोलच राहते आणि मागची चाके तापू लागतात.

आवाज आणि थरथर

धातू घासल्यासारखा आवाज आल्यास लायनर रिव्हेटपर्यंत झिजला आहे, असे समजून गाडी त्वरित थांबवावी. बारीक किंचाळण्याचा आवाज साचलेली धूळ, गुळगुळीत झालेला लायनर किंवा बॅकप्लेटवर शू टेकण्याच्या जागा कोरड्या पडल्याने येतो. त्या जागी उच्च तापमान सहन करणारे ग्रीस अगदी थोडे लावावे. ब्रेक दाबताना पेडल थरथरत असेल, तर ड्रम लंबगोल झालेला असतो. तो लेथवर गोल करता येतो; परंतु उत्पादकाने ठरवलेल्या कमाल व्यासापलीकडे घासलेला ड्रम पातळ होऊन लवकर तापतो व तडकू शकतो.

ब्रेक ऑइल आणि हवा काढणे

ग्लायकॉलवर आधारित ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट ३ प्रतीच्या नव्या ऑइलचा किमान उत्कलनबिंदू २०५ अंश सेल्सिअस असतो. ओलावा मुरल्यावर तो १४० अंशांपर्यंत खाली येऊ शकतो. डॉट ४ साठी हेच आकडे २३० व १५५ आहेत. घाटात उतरताना तापलेल्या सिलिंडरमधील ऑइलला उकळी फुटली, तर पेडल अचानक तळाला जाते. त्यामुळे साधारणतः दोन वर्षांनी ऑइल बदलणे हितावह आहे. सिलिकॉनचे डॉट ५ ऑइल यात मिसळू नये. इंजिन ऑइल, रॉकेल वा पेट्रोलचा लहानसा अंशही रबरी कप फुगवतो. म्हणून सिलिंडर स्पिरिटने किंवा ब्रेक ऑइलनेच धुवावा.

हवा काढण्यापूर्वी शूचे अंतर जुळवून घ्यावे. सामान्यतः मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकापासून सुरुवात केली जाते. उजव्या बाजूला स्टिअरिंग असलेल्या गाडीत ते बहुधा मागील डावे चाक असते. गाडीच्या माहितीपुस्तकात वेगळा क्रम दिला असल्यास तो पाळावा.

आरोग्याची काळजी

जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याची दाट शक्यता असते. त्याची धूळ श्वासावाटे फुप्फुसात गेल्यास कर्करोगासह गंभीर आजार उद्भवतात. ड्रम उघडल्यावर कॉम्प्रेसरच्या हवेने धूळ उडवण्याची गॅरेजमधील सवय सोडून द्यावी. धूळ पाण्याने ओली करून फडक्याने पुसावी, योग्य मास्क वापरावा आणि फडके बंद पिशवीत टाकावे.

गाडी केवळ जॅकवर उभी ठेवून काम करू नये. खाली भक्कम स्टँड द्यावेत. एका वेळी एकच चाक उघडल्यास दुसऱ्या बाजूची जोडणी नमुना म्हणून उपयोगी पडते, मात्र ती आरशातील प्रतिमेप्रमाणे उलट असते. ड्रम काढलेला असताना पेडल दाबल्यास पिस्टन बाहेर येतात.

काम पूर्ण झाल्यावर पेडल जोरात दाबून धरून प्रत्येक सांधा तपासावा आणि प्रथम मोकळ्या जागेत कमी वेगाने चाचणी घ्यावी. पावसात ड्रममध्ये पाणी शिरल्यास ब्रेक काही काळ कमजोर होतो. हळू चालवत हलका ब्रेक लावल्यास तो कोरडा होतो. लांब उतारावर ड्रम तापून प्रसरण पावतो आणि शूपासून दूर जातो. त्यामुळे निर्दोष ब्रेक असलेली जुनी गाडीही उतारावर खालच्या गिअरमध्येच चालवावी.