बडोद्याचे बिऱ्हाड

बडोद्यास मराठी माणूस प्रथम गेला तो घोड्यावरून, आणि पुढे गेला तो आगगाडीच्या तिसऱ्या वर्गातून. पहिल्याची हकीकत इतिहासाच्या पुस्तकांत सापडते. १ एप्रिल १७३१ रोजी डभईजवळ बाजीराव पेशवे आणि सेनापती त्र्यंबकराव दाभाडे यांची लढाई झाली. दाभाडे पडले, आणि गुजरातेतली मराठ्यांची सत्ता हळूहळू दाभाड्यांचे सरदार जे गायकवाड, त्यांच्या हाती गेली. १७३४ साली बडोदे गायकवाडांकडे आले, ते १९४९ पर्यंत त्यांच्याकडेच राहिले. या दोनशेपंधरा वर्षांत घोडेस्वारांच्या मागोमाग कारकून, वैद्य, शास्त्री, गवई, मास्तर आणि त्यांची बायकामुले गेली. या दुसऱ्या फौजेचा इतिहास कोणी लिहिला नाही. तो वाण्याच्या वह्यांत, लग्नाच्या याद्यांत आणि म्हाताऱ्या बायकांच्या तोंडी राहिला. मी जे सांगणार आहे ते बहुतेक त्या शेवटच्या दप्तरातले.

माझे पणजोबा १९०८ साली कोकणातून बडोद्यास गेले. कारण साधे होते. महाराज सयाजीराव गायकवाडांनी सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण १८९३ साली अमरेली तालुक्यात चालू करून पाहिले होते आणि १९०६ साली ते साऱ्या राज्याला लागू केले होते. मुलांना सक्ती झाली म्हणजे मास्तर लागणारच! घरी भात चार महिने पुरे, उरलेले आठ महिने देव पुरवी. तेव्हा पणजोबांनी ट्रंक उचलली. गंमत अशी, की ज्या महाराजांच्या शाळेत ते चालले होते तेही मूळचे परगावचेच. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा हा शेतकऱ्याचा मुलगा. १८७५ साली दत्तक जाऊन एकदम राजवाड्यात आला. नव्या गावात रुळणे म्हणजे काय हे त्या मुलाला ठाऊक असले पाहिजे.

दांडिया बाजारात एका वाड्यात दोन खोल्या मिळाल्या. वर्षभराने पणजी आली, तिचे वय तेव्हा सोळा. राज्य मराठ्यांचे, दरबारात मराठी. पण महाराजांनी कारभाराची भाषा मात्र प्रजेची, म्हणजे गुजराती ठेवली होती. पुढे १९३१ साली कारभारातल्या शब्दांचा अनेक भाषांतला कोशही त्यांनी करवून घेतला, 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु'. त्या कोशात पणजीची अडचण काही सुटली नसती. आल्यावर चौथ्या की पाचव्या दिवशी शेजारच्या घरचे काका दारात येऊन म्हणाले, "मास्तर नवरा छे?" पणजी लाजून आत पळाली. बाहेर काका चकित. गुजरातीत 'नवरो' म्हणजे रिकामा, फुरसतीत असलेला. मास्तर मोकळे आहेत का, एवढेच त्यांना विचारायचे होते. बडोद्यातल्या प्रत्येक जुन्या मराठी घरात ही गोष्ट आपल्याच पणजीची म्हणून सांगतात. सगळ्यांच्याच खऱ्या असतील, कारण प्रश्न रोजचा होता.

पण भाषा शिकता येते, सणांचे काय? पणजीचे पहिले मोठे भांडण झाले ते शिळ्या अन्नावरून. श्रावण वद्य षष्ठीला गुजराती घरांत 'रांधण छठ' असते. त्या दिवशी सगळे रांधून ठेवायचे, रात्री चूल सारवून थंड करायची, तिची पूजा करायची, आणि दुसऱ्या दिवशी, शीतळासातमेला, विस्तव न पेटवता आदल्या दिवसाचे खायचे. घरात कोणाला देवी-गोवर होऊ नये म्हणून शीतळामातेची ही शांत. शेजारणीने प्रेमाने थेपल्या आणि दही पाठवले. पणजीच्या माहेरी आदल्या रात्रीचा भात गाईला जाई. तिने ताट झाकून ठेवले आणि शेजारीण विचारायला आल्यावर काहीतरी थाप मारली. पुढे दोन वर्षांनी तिचे पहिले मूल देवीच्या साथीत गेले. त्याच्या पुढच्या श्रावणात तिने आपणहून चूल थंड केली. ते पटले म्हणून, की भीतीने, की शेजारणीसमोर एकटे पडू नये म्हणून, हे तिने कधी सांगितले नाही. आमच्या घरी शीतळासातम आजही पाळतात; देवीचा रोग जगातून गेल्याचे १९८० साली जाहीर झाले तरी.

संक्रांतीचा मामला सोपा होता. इकडे ती 'उत्तरायण'. आपल्याकडे सण बायकांचा आणि घरातला: सुगडे, हळदीकुंकू, वाण, तिळगूळ. तिकडे सण पुरुषांचा, पोरांचा आणि गच्चीवरचा. १४ जानेवारीला सूर्य उगवायच्या आत अख्खे गाव छपरावर चढते. मांज्याने बोटे कापलेली, तोंडात उसाची कांडी, आणि एकाचा पतंग कटला की दहा गच्च्यांवरून आरोळी, "काप्यो छे!" दुपारी उंधियू आणि जिलेबी वरच पोचते. दुसऱ्या दिवशी 'वासी उत्तरायण', म्हणजे शिळी संक्रांत; आपली किंक्रांत म्हणजे करीचा दिवस, काही शुभ करायचे नाही, आणि इथे पुन्हा तोच धिंगाणा! पणजीने तोड काढली. हळदीकुंकू संध्याकाळी ठेवले आणि गच्चीवरून उतरणाऱ्या प्रत्येक बाईला जिन्यातच गाठले. गुजराती शेजारणींना वाण लुटण्याची कल्पना फार आवडली. कंगवा, वाटी, सुपारी असले काहीतरी फुकट मिळते आणि वर नवऱ्याला आयुष्य, हा व्यवहार कोणत्या गुजराती बाईला नापसंत होईल?

सुट्टीच्या दिवशी कामाठी बाग. विश्वामित्रीच्या काठी १८७९ साली महाराजांनी ही बाग केली. आता तिला सयाजीबाग म्हणतात. तिथे वाघ-सिंह पाहायचे, १८९४ साली बांधलेल्या इमारतीतले वस्तुसंग्रहालय पाहायचे, हिरवळीवर बसून डबा उघडायचा. खर्च शून्य. आमच्या घरातल्या तीन पिढ्यांचे बालपण त्या बागेत गेले, आणि तिच्या सुखाच्या आठवणी सांगताना घरचे लोक थकत नाहीत. पण त्याच बागेची दुसरी एक आठवण आहे, ती आमच्या घरात कोणी सांगितली नाही. ती मी मोठेपणी वाचली.

१९१३ साली बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेलेले भीमराव आंबेडकर १९१७ साली करारानुसार नोकरीवर रुजू व्हायला बडोद्यास आले. शहरात एकाही हिंदू खाणावळीत त्यांना जागा मिळाली नाही. पारशी नाव सांगून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले पारशी दारात उभे राहिले आणि त्यांना बाहेर काढले. स्नेह्यांकडे आसरा मागितला, तोही मिळाला नाही. रात्रीची मुंबईची गाडी सुटेपर्यंतचे तास त्यांनी कामाठी बागेत काढले. त्यांनी स्वतः हे लिहून ठेवले आहे. बागेतली ती जागा आता 'संकल्पभूमी' म्हणून ओळखली जाते.

पणजोबा नऊ वर्षे आधी त्याच स्टेशनावर उतरले होते. त्यांच्यापाशी व्हर्नाक्युलर फायनलचा दाखला होता. त्या तरुणापाशी कोलंबिया विद्यापीठाचे शिक्षण. पणजोबांना तिसऱ्या दिवशी वाड्यात जागा मिळाली, कारण मालकाने आडनाव विचारले आणि ते त्याला पसंत पडले. नवे गाव आपल्याला कसे सामावून घेते याच्या गोष्टी आपण कौतुकाने सांगतो. सामावून घेण्याआधी गाव काय विचारते, तेही सांगितले पाहिजे. १९१७ च्या त्या दिवसांत आमचे कुटुंब बहुधा कुठल्यातरी सुट्टीला त्याच हिरवळीवर पोहे खात बसले असेल. यात त्यांचा वैयक्तिक अपराध काय, असे कोणी म्हणेल. मी तसे म्हणायला तयार नाही.

असो. वर्षातून एकदा लांबची सहल असे, ती चांदोदला. तीर्थ आणि सहल एकाच तिकिटात. गोया गेट स्टेशनवरून छोटी गाडी निघे, डभईला थांबे, आणि नर्मदाकाठी नेऊन सोडी. या छोट्या गाडीचाही इतिहास आहे. डभई ते मियागाम हा अरुंद रुळांचा रस्ता गायकवाडांनी १८६२ साली घातला, हिंदुस्थानातला आपल्या जातीचा पहिला. आणि त्यावर प्रथम डबे ओढीत ते बैल! इंजिने आली पण रूळच हलके, त्यांना भार सोसेना; तेव्हा वाफेने गाड्या नियमित चालायला १८८० साल उजाडले. पणजीच्या काळात इंजिनच होते, तरी गाडीचा वेग बैलांची आठवण ठेवूनच असे. मुले चालत्या गाडीतून उतरून बोरे वेचीत आणि पुन्हा चढत, असे आजोबा सांगत. त्यातले निम्मे मी सोडून देतो. चांदोदला ओरसंग नर्मदेला मिळते. संगमावर स्नान, पलीकडे होडीने करनाळीच्या कुबेराचे दर्शन, घाटावर पिठले-भात. ती छोटी गाडी आता नाही. रस्ता रुंद रुळांचा झाला, आणि २०२१ च्या जानेवारीपासून गाड्या चांदोदच्या पुढे केवडियापर्यंत जाऊ लागल्या.

नवरात्रात घरात खरा पेच पडला, तो आत्याआजीमुळे. ती आजोबांची थोरली बहीण, बडोद्यातच जन्मलेली. १९२५ च्या सुमारास ती बारा-तेरा वर्षांची होती. घरी घट बसत, आणि तिसऱ्या प्रहरी पाटावर हत्तीचे चित्र काढून वाड्यातल्या मराठी मुलींचा भोंडला होई. रात्री मात्र शेजारच्या पोळेत गरबा. सच्छिद्र मडक्यात दिवा ठेवायचा आणि त्याभोवती फेर धरायचा. त्या मडक्यालाच 'गरबो' म्हणतात, गर्भात दिवा म्हणून. आत्याआजीला जायचे होते. पणजोबांनी साफ नाही म्हटले: रात्रीची वेळ, परकी पोळ, टाळ्या वाजवीत नाचायचे! तेव्हा पोरीने विचारले, "आपल्या घटात धान्य पेरतात, त्यांच्या घटात दिवा लावतात, भोवती फिरायचे तेच. मग दुपारी फिरले तर धर्म आणि रात्री फिरले तर अधर्म का?" मास्तर निरुत्तर झाले. शेजारच्या बेनने हात धरून नेण्याचे कबूल केले आणि पोर गेली. पुढे तीच पणजीला घेऊन गेली. मांडवीजवळच्या अंबामातेच्या देवळात तर पुरुषच गरबा खेळतात, ही जुनी चाल आहे, हे तिने वडिलांना मुद्दाम सांगितले. ते गेले नाहीत, पण पुढे विरोधही राहिला नाही.

दसऱ्याला स्वारी निघे. हत्ती, निशाणे, बँड, मानकरी. मराठी घरे त्या दिवशी जरा ताठ चालत, आपल्याच घरचे कार्य असल्यासारखी. १ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि सरकारी इतमामाची स्वारी गेली. आपट्याची पाने राहिली, आणि त्यांच्या जोडीला गुजराती मंडळींचे फाफडा-जिलेबी आली. तोटा झाला असे मला वाटत नाही. राजाच्या नात्याने पाहुणा झालेला माणूस त्या दिवशी प्रथम साधा शेजारी झाला.

पुढे १ मे १९६० ला राज्ये दोन झाली; बडोदे गुजरातेत राहिले. कोकणातून आणि पुण्याहून नातेवाइकांची पत्रे येऊ लागली: आता आपले राज्य झाले, परत या, मुलांच्या भाषेचा विचार करा. आजोबांना पुण्यात नोकरीचे बोलणेही आले होते. त्या दिवाळीत चार रात्री घरात तोच विषय. आजोबांचा कल जाण्याकडे होता, आजीचाही. पणजी तेव्हा अडुसष्ट वर्षांची. ती काही बोलत नव्हती. भाऊबीजेच्या रात्री तिने एवढेच विचारले, "तिकडे शीतळासातमेला चूल थंड ठेवतात का रे?" आजोबा म्हणाले, "नाही." ती उठून झोपायला गेली. पुण्याचे पत्र आठ दिवसांनी गेले, नकाराचे.

राहिलो त्याचे काय झाले? मराठी राहिली का, असे मला पाहुणे विचारतात. साहित्य संमेलन बडोद्यास १९०९, १९२१ आणि १९३४ साली भरले, आणि मग थेट २०१८ साली. मधल्या अंतराचा अर्थ ज्याने त्याने लावावा. घरात आम्ही मराठी बोलतो, हिशेब गुजरातीत करतो. गुरुवारी दत्ताची आरती झाली की 'दत्तबावनी' म्हणतो. ती गुजरातीत आहे, १९३५ सालची. आणि लिहिणारे रंगअवधूत महाराज गोध्र्यात जन्मलेले, पण घराणे मराठी, वळामे आडनावाचे. शहरातला आवडता नाश्ता 'सेव उसळ'. त्यातली उसळ कोणाची हे सांगायला नको.

आणि दिवाळी. आपली बलिप्रतिपदा तोच त्यांचा वर्षारंभ, 'बेसतुं वर्ष'. आमच्या घरी त्यामुळे वर्षे दोन सुरू होतात, एक गुढीबरोबर चैत्रात आणि एक फराळाबरोबर कार्तिकात. डब्यात चकली-अनारशांच्या शेजारी मठिया आणि चोळाफळी असते. करंजीला मुले घुघरा म्हणतात, आणि माझ्या बायकोने आता त्यांना दुरुस्त करणे सोडले आहे. पाडव्याला अजून अंधार असतानाच गल्लीत हाक येते, "सबरस! सबरस!" पोरे मीठ विकायला निघालेली असतात. सर्व रसांचा राजा तो, नव्या वर्षी घरात पहिला यावा. पणजीने पहिल्या वर्षी ती हाक ऐकून दार लावून घेतले होते, एवढ्या पहाटे कोण ओरडते म्हणून. आता आमच्याकडे चार नाणी आदल्या रात्रीच उंबऱ्याशी काढून ठेवतात, आणि त्या मिठातली चिमूट त्या दिवशीच्या आमटीत पडते.